इंजिन स्वॅप केलेल्या गाडीत पॉवर स्टीअरिंगचा असिस्ट (मदत): नॉब की स्पीड सिग्नल?

मियाटा९४, मिशिगन
दोन हिवाळे गेले पण १९९४ च्या माझ्दा मियाटात जीएमचं (जनरल मोटर्स) एलएस१ व्ही८ इंजिन बसलं एकदाचं, मागे टी५६ गिअरबॉक्स. जीएमच्या बेल्टवाल्या स्टीअरिंग पंपाचा तेलाचा फ्लो मियाटाच्या रॅकला (पुढची चाकं वळवणारा भाग) जास्त होतो, हायवेला स्टीअरिंगला बोट लागलं तरी गाडी लेन सोडायला बघते, म्हणून पहिल्या पिढीच्या माझ्दा ३ चा इलेक्ट्रिक पंप लावलाय. त्याला गाडीचा स्पीड कॅनवरून (गाडीतलं डेटा नेटवर्क) कळायचा, आता कॅनच नाही, तर तो एकाच ठराविक वेगानं फिरत राहतो. लोक म्हणतात डॅशवर नॉबवाला कंट्रोलर लाव, पंपाचा वेग हातानं ठरव. मला हे अजिबात पटत नाही. पार्किंगला हलकं केलं, विसरलो, आणि तसाच फ्रीवेला ताशी ७० मैलांवर गेलो तर? असिस्ट स्पीडवरच ठरला पाहिजे. टी५६ च्या आउटपुट शाफ्टवर सेन्सर आहेच, त्यावरून जीएमचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मैलाला ४००० पल्सचा सिग्नल देतो, तोच घ्यायचा.

जुना हात
काढून टाक ना सगळं. रॅक डीपॉवर कर, म्हणजे पंपाशिवाय चालव, पण नुसते पाइप एकमेकांना जोडून नाही, रॅक उघडून आतला पिस्टनचा सील काढ, नाहीतर तेल इकडून तिकडे ढकलण्यातच हात दुखतील. मी मारुती ८०० वर शिकलो, तिला कुठे होतं पॉवर स्टीअरिंग? रस्ता हाताला कळतो.

रॅक_पिनियन
दादा, ८०० चे टायर केवढे आणि याचे केवढे. शिवाय पॉवर रॅकचा रेशो मॅन्युअल रॅकपेक्षा फास्ट असतो, म्हणजे डीपॉवर केलेला रॅक कंपनीच्या मॅन्युअलपेक्षाही जड, आणि आता पुढे व्ही८. ट्रॅकवर ठीक आहे, रोज गाडी लावताना नाही.

नॉबवाला
मी नॉबच्या बाजूनं. एकदा मधे सेट केला की हात लावत नाही, विसरायचा प्रश्नच नाही. तुझ्या सिस्टीमची एक वायर तुटली की कंट्रोलरला वाटणार गाडी उभी आहे, आणि ७० मैलांवर फुल असिस्ट. वायर सोड, जोरात ब्रेक मारला, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) नाही, मागची चाकं लॉक झाली, शाफ्ट थांबला, स्पीड शून्य! नेमकं तेव्हाच स्टीअरिंग लोण्यासारखं होणार. याचा विचार केलास का?

मियाटा९४
चाकं लॉक व्हायचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, मान्य. पण त्यावर इलाज आहे. ६० मैलांवरून शून्यावर यायला पूर्ण ब्रेक दाबूनही तीनेक सेकंद लागतात, म्हणजे सिग्नल त्याआधी गायब झाला तर गाडी खरोखर थांबलेली नाहीच. तेव्हा असिस्ट होता तिथेच धरायचा, आणि वाढवायचा तोही हळूहळू. सिग्नल परत आलाच नाही तर मधल्या सेटिंगवर. तुझा नॉब जिथे असतो तिथेच की!

हायड्रॉलिक_वेडा
दोघंही एक गोष्ट सोडताय. पंप हळू केला की फक्त जडपणा येत नाही, फ्लोच कमी होतो. हायवेला अचानक कोणी आडवं आलं आणि झटक्यात स्टीअरिंग फिरवलं तर तेल पुरत नाही, अर्ध्यातच स्टीअरिंग अडकल्यासारखं होतं. असे पंप बऱ्याच गाड्यांत स्टीअरिंग किती झपाट्यानं फिरतंय तेही बघतात, ते काय उगाच? खरं तर सर्व्होट्रॉनिकसारखा, स्पीडप्रमाणे असिस्ट बदलणारा रॅक हवा, त्यात पंप तसाच राहतो, बदल व्हॉल्व्हपाशी होतो, आणि करंट गेला तर स्टीअरिंग जड होतं, हलकं नाही.

मियाटा९४
तो रॅक मियाटात बसवायचा म्हणजे सबफ्रेम कापायची, ते नाही करणार. पण पंपाचा वेग किती खाली जाऊ द्यायचा त्याला मर्यादा घालतो. आधी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये ट्रॅफिकचे कोन लावून ३० मैलांवर झटके देऊन बघणार, स्टीअरिंग अडकतंय असं वाटलं की मर्यादा वर. स्टीअरिंग कॉलमवर ते किती फिरतंय ते बघणारा अँगल सेन्सर त्यानंतर.

जुना हात
दोन सेन्सर, एक कंट्रोलर, एक पंप, आणि मी सांगत होतो एक सील काढ. मी अजूनही तेच म्हणेन.