खुब्याचं फ्रॅक्चर, क्लोपिडोग्रेल चालू: स्पायनल की जनरल?

प्रश्न: रुग्ण ७८ वर्षांच्या, वजन ४५ किलो. क्लोपिडोग्रेलची (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) शेवटची गोळी काल घेतलीय. तिचा असर उतरायला ५-७ दिवस थांबून स्पायनल (मणक्यात टोचून कमरेखाली भूल) द्यावं का?

उत्तर १: थांबू नका. खुब्याची शस्त्रक्रिया ३६ ते ४८ तासांत व्हायला हवी. अंथरुणाला खिळलं की न्यूमोनिया, बेडसोर, गुठळ्या मागे लागतात. स्पायनल आत्ता नको, मणक्यात रक्त साकळून पाय कायमचे लुळे पडू शकतात. जनरल (पूर्ण बेशुद्ध करणारी भूल) द्या, जोडीला फॅशिया इलियाका ब्लॉक (जांघेत टोचून खुब्याकडच्या नसा बधिर करणं). नुसती अ‍ॅस्पिरिन असती तर स्पायनल चाललं असतं.

उत्तर २: सहमत. ब्लॉक सोनोग्राफीखाली, टेबलावर हलवण्याआधीच द्या, खरा फायदा तिथेच. ब्लॉकसाठी ०.२५% ब्युपिव्हॅकेन (बधिर करणारं औषध) ३० मिली म्हणजे ७५ मिग्रॅ. २ मिग्रॅ प्रति किलो धरलं तर मर्यादा ९० मिग्रॅ, म्हणून ४० मिली भरायचा मोह टाळा. सर्जननं जखमेत आणखी भूल टोचली तर तीही याच हिशेबात. इंट्रालिपिड (या औषधाची विषबाधा झाली तर उतारा) हाताशी हवंच.

प्रश्नकर्ता: पण जनरलनं म्हातारपणी भ्रम वाढतो ना?

उत्तर १: २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रीगेन चाचणीत (खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये स्पायनल विरुद्ध जनरल) दोन्ही गटांत भ्रमाचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. भूल कोणती यापेक्षा रक्तदाब किती पडू दिला हे बघा. प्रोपोफॉल (बेशुद्ध करणारं औषध) कमी मात्रेत, सावकाश. फेनिलेफ्रिन (रक्तदाब वाढवणारं) भरून तयार. मिडाझोलॅम (गुंगीचं औषध) टाळा. आणि हृदयात मर्मर (ठोक्यांसोबतचा जादा आवाज) ऐकू आली तर आधी पटकन इको (हृदयाची सोनोग्राफी), एओर्टिक स्टेनोसिस (हृदयाची झडप अरुंद होणं) नजरेतून सुटायला नको.