पहिला नायट्रो ट्रक कसा निवडलात? पुणेकरांनो, अनुभव लिहा

खेळण्यांच्या दुकानातला रिमोटचा ट्रक मोडला की संपला. हॉबी-ग्रेड ट्रकचा प्रत्येक भाग सुटा मिळतो, खोलता येतो, बदलता येतो. नायट्रो म्हटलं की आत खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन आलं, मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर चालणारं. गेल्या काही महिन्यांत मला बऱ्याच जणांनी विचारलं की पहिला ट्रक कोणता घेऊ. जवळजवळ सगळ्यांचा पुढचा प्रश्न एकच: पळतो किती?

माझ्या मते वेगाचा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. पुढचा सस्पेन्शन आर्म मोडला तर तो किती दिवसांत हातात येईल, इंधन कुठून आणणार, आणि सुरुवातीला नीडल (कार्ब्युरेटरमधला, इंधन किती जाईल ते ठरवणारा स्क्रू) कशी फिरवायची हे शेजारी उभं राहून कोण दाखवणार, ही तीन उत्तरं आधी हवीत. ज्यांनी हे सगळं केलंय त्यांनी सविस्तर लिहा. नावं नकोत, राहता तो भाग लिहिला तरी पुरे. दुकानांबद्दलच्या तक्रारीही नावानिशी नकोत.

कोथरूड

मी घेताना दोन पर्याय समोर ठेवले होते, १/१० आणि १/८, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश किंवा एक अष्टमांश मापाचे. १/८ चा मॉन्स्टर ट्रक बघितला की दुसरं काही नको वाटतं. साडेतीन ते साडेचार सीसीचं इंजिन, ताटाएवढी चाकं. पण हिशोब मांडून बघा. १/१० ची टाकी साधारण ७५ सीसीची, १/८ ची १२५ च्या आसपास. म्हणजे एका लिटरमध्ये लहान ट्रकच्या तेरा टाक्या होतात, मोठ्याच्या आठ. आणि एक टाकी म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. आपल्याकडे हे इंधन कोपऱ्यावर मिळत नाही. ज्वलनशील असल्यामुळे साध्या कुरिअरने किंवा विमानाने येत नाही, रस्त्याने मागवावं लागतं. त्यामुळे मी १/१० घेतला, तीन सीसीच्या म्हणजे .१८ (घनइंच) इंजिनाचा.

कंपनी निवडतानाही सुट्या भागांचाच विचार केला. ट्रॅक्ससची टी-मॅक्स १९९९ साली आली आणि तिने या प्रकारच्या ट्रकला लोकप्रिय केलं. चारही चाकांना ओढ, शिवाय रिव्हर्स गिअर, जो बहुतेक नायट्रो गाड्यांना नसतो. मन तिच्यावरच होतं. पण खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०, त्यामुळे बाहेरून गाडी मागवायची तर किंमत कुठल्या कुठे जात होती. मी एचएसपी या चिनी कंपनीचा ट्रक घेतला. घडण टी-मॅक्सच्या तोडीची नाही, स्क्रूचं लोखंड मऊ आहे. पण त्याच साच्यातले ट्रक रेडकॅट वगैरे इतर नावांनीही विकले जातात, त्यामुळे भाग एकमेकांना बसतात. आर्म, डॉगबोन (चाक फिरवणारी दांडी), क्लच बेल (इंजिनाची ओढ गिअरला देणारी दातेरी वाटी) असे झिजणारे भाग मी गाडीबरोबरच मागवून ठेवले. पहिल्या मोसमात गाडी उभी राहिली नाही ती एवढ्यामुळेच.

विमाननगर

सोसायटीत राहत असाल आणि गाडी पार्किंगमध्येच चालवणार असाल तर इलेक्ट्रिक घ्या. नायट्रोचा आवाज तिसऱ्या मजल्यावर स्पष्ट ऐकू येतो आणि धुराचं तेल फरशीवर बसतं. मी दोन्ही चालवतो. नायट्रोवर माझं प्रेम जास्त आहे, तरी हे सांगणं भाग आहे.

भोसरी, टर्नर

इंजिनाबद्दल लिहितो. आयुष्य लेथवर गेलं, त्यामुळे मला या गाडीत सगळ्यात जास्त आवडतं ते पिस्टन आणि स्लीव्हचं (ज्या नळीत पिस्टन वर-खाली होतो तिचं) काम. बहुतेक इंजिनं एबीसी पद्धतीची असतात: ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची स्लीव्ह, आतून क्रोमचा मुलामा. पिस्टनला रिंग नसते. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. थंड इंजिनात पिस्टन वर गेला की तिथे घट्ट अडकतो, त्याला पिंच म्हणतात. इंजिन तापलं की पितळ ॲल्युमिनियमच्या पिस्टनपेक्षा जास्त फुलतं, हे दोन धातू मुद्दाम तसे निवडलेले असतात, आणि मग बरोबर फिट बसते.

नव्या माणसाला वाटतं इंजिन जाम आहे. जाम नाही, ते तसंच हवं. पण यावरूनच कळतं की थंड इंजिन नुसतं दोरी ओढ-ओढून सुरू करणं वाईट. डिसेंबरच्या सकाळी पुण्यात दहा-बारा अंश असतं, तेव्हा मी आधी हेअर ड्रायरने हेड कोमट करतो. दोरीही वीतभर-दीड वीत, एवढीच ओढायची. पूर्ण ओढली की आतली स्प्रिंग जाते. दोरी मध्येच अडली तर जोर लावू नका, सिलिंडरमध्ये इंधन भरलेलं असतं. ग्लो प्लग (इंधन पेटवणारा, हेडवरचा प्लग) काढा, गाडी उलटी धरा, दोरी हळू ओढून इंधन बाहेर काढा. नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो.

पहिल्या काही टाक्या नवं इंजिन बसवण्यात, म्हणजे पिस्टन आणि स्लीव्ह एकमेकांशी रुळू देण्यात घालवायच्या. मिश्रण रिच ठेवायचं, म्हणजे इंधन जास्त, धूर भरपूर. हळू फेऱ्या, मध्ये बंद करून पूर्ण थंड होऊ द्यायचं, पिस्टन खाली ठेवून. खाली ठेवून हे महत्त्वाचं आहे, वर राहिला तर थंड होताना स्लीव्ह त्याच्यावर आवळते. काही जण इतकं रिच ठेवतात की हेड साठ-सत्तर अंशांच्या वर जातच नाही. तेही नको, स्लीव्ह फुलत नाही आणि पिस्टन पिंचवर घासत राहतो. प्लगपाशी ९५ अंश सेल्सिअस तरी यायला हवेत. इंजिन बसल्यावर १०० ते १२० मध्ये राहिलं की मी समाधानी असतो. तापमान बघायची बंदूक नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाका. तीन-चार सेकंदांत उकळून गेला तर ठीक. पडताक्षणी चर्र करून उडाला तर इंजिन लीन चाललंय, म्हणजे इंधन कमी पडतंय, लगेच थांबवा.

सिंहगड रोड, एका चौदा वर्षांच्या मुलाची आई

मुलाला ट्रक त्याच्या मामाने दिला. ट्रक निवडण्यात माझा हात नव्हता, पण इंधन माझ्या घरात येणार होतं, म्हणून मी ते समजून घेतलं. वरच्या भोसरीच्या दादांनी इंजिनाबद्दल लिहिलंय, मी डब्याबद्दल लिहिते.

मिथेनॉल विष आहे. पोटात गेलं तर शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि डोळ्यांची नस कायमची जाऊ शकते. त्वचेतूनही शोषलं जातं, वाफही श्वासातून जाते. लक्षणं कधी कधी बारा तासांनी, त्याहूनही उशिरा दिसतात, त्यामुळे चुकून घोटभर गेलं तर 'बघू, बरं वाटतंय' असं म्हणत थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं आणि मिथेनॉल हा शब्द सांगायचा. दुसरं म्हणजे त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त घाबरवून गेली. इंजिन गरम असताना टाकी भरायची असेल तर सांडू द्यायचं नाही, आणि जवळ बादलीभर पाणी हवंच. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, म्हणून भरपूर पाण्याने आग आटोक्यात येते.

आमचे घरातले नियम: डबा मूळचाच, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच ओतायचं नाही. कुलपाच्या लोखंडी पेटीत, गॅलरीत, उन्हापासून लांब. स्वयंपाकघरात नाही. भरताना नायट्राइलचे हातमोजे. मोठं माणूस सोबत असल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. मुलगा आता हे सगळं न सांगता करतो. हे नियम पाळणं ज्या घरात जमणार नाही, त्या घराने नायट्रो घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

हडपसर

एक प्रश्न. इंधन मिळत नसेल तर पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल घालून चालेल का?

भोसरी, टर्नर

नाही. या इंजिनाला ठिणगी नसते. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमची तार असते, सुरू करताना ती बॅटरीने लाल करायची. नंतर मिथेनॉलची प्लॅटिनमशी क्रिया होऊन आणि आतल्या उष्णतेने ती तापलेलीच राहते. पेट्रोलशी ते जमत नाही. मिथेनॉल आणून घरी मिसळण्याच्या फंदातही पडू नका. आणि विमानाच्या मॉडेलचं इंधन स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका. त्यात नायट्रो बहुधा ५ ते १५ टक्के असतं. गाडीला १६ ते २० टक्क्यांचं, गाडीसाठीचंच घ्या.

वारजे, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी

निवडताना सगळे इंजिन बघतात, मी रिमोट बघायला सांगेन. इलेक्ट्रिक गाडीचा सिग्नल गेला तर ती बहुतेक वेळा थांबते. नायट्रोचा सिग्नल गेला आणि कार्ब्युरेटर उघडाच राहिला, तर तीन-चार किलोचं धूड पूर्ण वेगात कुठेही जातं. म्हणून २.४ गिगाहर्ट्झचा संच हवा आणि त्यात फेल-सेफ हवं, म्हणजे सिग्नल तुटताच सर्व्हो (थ्रॉटल आणि ब्रेक हलवणारी छोटी मोटर) आपोआप ब्रेकवर जातो. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या संचाची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी आधी रिमोट बदलायचा खर्च धरा.

तपासायची रीत: इंजिन बंद, गाडी विटेवर, चाकं हवेत. रिमोट आणि रिसीव्हर चालू करा, थ्रॉटल उघडा आणि रिमोट बंद करा. कार्ब्युरेटर मिटून ब्रेक लागला पाहिजे. मी हे प्रत्येक वेळी मैदानावर पोचल्यावर करते. रिसीव्हरची बॅटरीच बसली तर मात्र फेल-सेफचा उपयोग नाही, म्हणून थ्रॉटलच्या दांडीला परत ओढणारी एक छोटी स्प्रिंग लावलेली असावी. तपकीर गल्लीत निकेल मेटल हायड्राइडचे पाच सेल जोडून सहा व्होल्टचा पॅक करून मिळतो. साध्या चार पेन्सिल सेलपेक्षा तो खूप विश्वासाचा आहे.

शनिवार पेठ, निवृत्त

पहिला ट्रक जुना घ्यायचा असेल तर सोबत कोणी जाणकार न्या. मला एकाने 'फक्त दोन टाक्या चाललेला' ट्रक दाखवला होता. मी फ्लायव्हील बोटाने फिरवलं तर ते वरच्या टोकाला कुठेही न अडता गरगर फिरलं. म्हणजे पिंच संपलेला. पिस्टन-स्लीव्हचा संच घ्यायला गेलं तर नव्या इंजिनाच्या जवळपास खर्च येतो. नमस्कार करून परत आलो. शिवाय मागचं झाकण उघडून बेअरिंगवर तांबूस डाग आहेत का पाहा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत इंधन ठेवून पावसाळाभर पडून राहिलेल्या गाडीचं बेअरिंग आपल्या हवेत गंजतंच. चासी काचेच्या टेबलावर ठेवून वाकली आहे का तेही बघावं.

निगडी

पुण्याची हवा कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहोत, हवा मुंबईपेक्षा जवळपास ५ टक्के विरळ. माझा ट्रक मुंबईच्या मित्राने ट्यून करून दिला होता, तो इथे आल्यावर धूर जास्त टाकायला लागला, कारण इंधन तेवढंच आणि हवा कमी. हाय-स्पीड नीडल (वेगात असतानाचं इंधन ठरवणारी) घड्याळाच्या दिशेने थोडी आत घेतली, झालं. थोडी म्हणजे एका फेरीचा आठवा किंवा बारावा भाग, आणि मग दोन फेऱ्या मारून बघायचं. मे महिन्यातल्या दुपारी हवा अजून विरळ होते, थंडीत दाट होते तेव्हा नीडल बाहेर काढावी लागते. मे मधलं सेटिंग डिसेंबरच्या सकाळी तसंच ठेवलं तर इंजिन लीन होऊन होरपळतं. मागे निळसर धुराची रेघ दिसली पाहिजे, हवा कशीही असो. इंधनातलं तेल हेच इंजिनाचं वंगण, त्यामुळे धूर गायब म्हणजे तेलही कमी पडतंय.

कोथरूड

निगडीकरांना दुजोरा. एअर फिल्टरचंही बघा. आपल्याकडची मुरमाड धूळ फार बारीक असते. फोमला फिल्टर ऑइल लावलेलं नसेल तर ती थेट कार्ब्युरेटरमधून स्लीव्हवर जाते. मी प्रत्येक खेळानंतर फोम धुतो आणि एक जादा फोम तेल लावून पिशवीत तयार ठेवतो.

पाषाण

जागेबद्दल. वेताळ टेकडीवर नेऊ नका. तिथे माणसं चालायला येतात, पक्षी आहेत, आणि फेब्रुवारीनंतर गवत इतकं वाळलेलं असतं की तापलेला सायलेन्सर टेकला तरी पेट घेऊ शकतं. आम्ही काही जण पिरंगुटच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या मोकळ्या प्लॉटवर, त्यांना विचारून चालवतो. जागा आधी ठरवा आणि मग ट्रक. मुरूम आणि दगड असतील तर मोठ्या चाकांचा मॉन्स्टर ट्रकच हवा. सपाट, टणक मैदान मिळत असेल तर कमी उंचीचा स्टेडियम ट्रक जास्त आनंद देतो आणि कमी उलटतो.

कात्रज

गाडीशिवाय काय लागतं ते कोणीच आधी सांगत नाही, म्हणून माझ्या पिशवीतलं लिहितो. ग्लो इग्नायटर (सुरू करताना प्लगची तार लाल करणारा) आणि त्याचा चार्जर (सेल १.२ व्होल्टचाच, जास्त व्होल्टेज दिलं की प्लगची तार वितळते). तीन-चार जादा ग्लो प्लग, मध्यम उष्णतेचे. चारमुखी पाना. ५०० मिलीची इंधन भरायची बाटली. तापमानाची बंदूक. आफ्टर-रन ऑइल: खेळ संपला की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, मग प्लगच्या भोकात आणि कार्ब्युरेटरमध्ये चार थेंब टाकून दोरी ओढायची. ॲलन की मात्र चांगल्या घ्या, बोहरी आळीत टणक पोलादाच्या मिळतात. गाडीसोबत येणाऱ्या कीने स्क्रूची डोकी गोल होतात आणि मग इंजिन उतरवायलाही ड्रिल लागतं. क्लच बेल आणि मोठ्या गिअरमधलं अंतर लावायला वहीच्या कागदाची पट्टी पुरते: दोन्ही दात्यांमध्ये पट्टी घालून इंजिनाचे स्क्रू आवळायचे, मग पट्टी फिरवून काढायची. कोणाला हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर रविवारी सकाळी या, पाषाणकरांनी लिहिलेल्या त्याच प्लॉटवर मी असतो. नवीन ट्रक अजून घेतला नसेल तर घेण्याआधीच या, माझा चालवून बघा.