शिंग कापलं तर गेंडा वाचतो का? मग काझीरंगात का कापत नाहीत?

माळकरी_सोलापूर:
२२ सप्टेंबरच्या जागतिक गेंडा दिनासाठी शाळेच्या निसर्ग मंडळाचे फलक करायचे आहेत. मुलं सारखं एकच विचारतात: शिकार शिंगासाठीच होते, तर शिंगच कापून टाकलं तर? आफ्रिकेत कापतात म्हणे. कसं कापतात, दुखतं का, आणि आपल्याकडे का नाही? नेमकं सांगा, आठवी-नववीच्या पोरांना गोलमोल उत्तर चालत नाही.

पशुवैद्य_बार्शी:
शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखाचाच पदार्थ. आत हाड नाही. योग्य जागी कापलं तर दुखत नाही. धोका आहे तो भुलीचा.

हेलिकॉप्टरमधून एटॉर्फिन या जबर भुलीच्या औषधाची सुई मारतात. काही मिनिटांत जनावर अडखळत खाली बसतं. लगेच डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे. या औषधाने श्वास मंदावतो, म्हणून श्वासावर सतत लक्ष आणि नाकपुडीत ऑक्सिजनची नळी. एवढं धूड एकाच कुशीवर पडून राहिलं तर खालच्या पायाचा रक्तपुरवठा अडतो, स्नायू खराब होतात; म्हणून त्याला पोटावर बसतं ठेवतात. अंग तापू नये म्हणून काम गारव्याच्या वेळी. बुडाशी साधारण चार बोटं खुंट ठेवून चेनसॉने कापायचं, कडा घासायच्या, मग शिरेतून उतारा. थोड्याच मिनिटांत गेंडा उभा राहतो. फार खाली कापलं तर वाढीचा जिवंत थर दुखावतो, रक्त येतं आणि पुढे शिंग वेडंवाकडं उगवतं.

हो, शिंग परत उगवतं. दीड-दोन वर्षांनी हे सगळं पुन्हा! २०२५ साली दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर परिसरातल्या राखीव क्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शिंगं कापल्यावर शिकार सुमारे ७८ टक्क्यांनी घटलेली दिसली. उपाय लागू पडतो, पण खुंटासाठीसुद्धा जनावर मारतात, त्यामुळे पहारा काही सुटत नाही.

गवतवाला:
काझीरंगात हत्ती बुडेल एवढं गवत. आफ्रिकेच्या मोकळ्या रानासारखं वरून हेरून सुई मारणं तिथे जमत नाही, आणि २०२२ च्या गणनेत २,६१३ गेंडे मोजलेत. दर दोन वर्षांनी कुणाकुणाला भूल देणार? तिथला भर जागोजागच्या चौक्या, पायी आणि नावेतली गस्त, आणि जप्त शिंगाचा डीएनए जुळवून खटला उभा करण्यावर आहे. आसाममध्ये २०२२ साली एकही गेंडा शिकाऱ्यांच्या हाती लागला नाही. त्याआधी २२ सप्टेंबर २०२१ ला काझीरंगाजवळच्या बोकाखात गावी २,४७९ शिंगं सरकारने जाहीरपणे जाळली. फलकावर हे जरूर घ्या.

माळकरी_सोलापूर:
म्हणजे आपला गेंडा आता सुरक्षित म्हणायचा का सर?

गवतवाला:
नाही. एकशिंगी गेंडे भारत-नेपाळ मिळून चार हजारांच्या थोडे वर, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या काझीरंगात. साथ आली की काय होतं ते पश्चिम बंगालच्या जलदापाऱ्यात फेब्रुवारी २०२० मध्ये दिसलं: काही दिवसांत पाच गेंडे मेले, संशय फाशी रोगाचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा. म्हणून कळप वेगवेगळ्या जागी हवेत. उत्तर प्रदेशातल्या दुधव्यात १९८४ पासून आसाम आणि नेपाळहून गेंडे आणून वसवले. पण सुरुवातीची बहुतेक पिल्लं एकाच नराची झाली, त्यामुळे रक्त बदलायला बाहेरून नर आणायची गरज उरतेच.

दुसरं गवताचं. हिवाळ्यात टप्प्याटप्प्याने जाळलं नाही तर झाडोरा चढतो, कोवळा चारा संपतो. त्यात मिमोसाचा वेल पसरतो, तो गेंड्याला विषारी. पुरात पिल्लं बुडतात हे खरं, पण तोच पूर बिलांतली, म्हणजे तिथल्या तळ्यांतली, जलपर्णी वाहून नेतो. पूर अडवणं हा उपाय नव्हे. उंचवटे आणि कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे जायची वाट मोकळी हवी.

नान्नजचा_माळ:
हे वाचून गवतावरच जगणाऱ्या आपल्या माळढोक पक्ष्याची आठवण होणारच. गवताळ जमिनीला पडीक समजून तिथे ग्लिरिसिडियाची परदेशी झाडं लावायची आणि त्याला हिरवाई म्हणायचं, हे थांबायला हवं. मुलांना एक फलक नान्नजच्या गवतावर करायला लावा: पवन्या, डोंगरी, कुसळी, खऱ्या काड्या चिकटवून.

पशुवैद्य_बार्शी:
चित्रं तपासून लावा. दोन शिंगांचा आफ्रिकी गेंडा काझीरंगाच्या मजकुराखाली हमखास लागतो. आपल्याकडच्याला एकच शिंग, नर-मादी दोघांनाही, आणि कातडीला चिलखतासारख्या घड्या. तो भांडतो शिंगापेक्षा खालच्या धारदार सुळ्यांसारख्या दातांनी, तेही चित्रात दाखवता येईल. जावाच्या गेंड्यालाही एकच शिंग, पण तो फक्त इंडोनेशियातल्या उजुंग कुलोन राष्ट्रीय उद्यानात उरलाय. आणि आफ्रिकेतल्या उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांत नाजिन आणि फातू या दोनच माद्या उरल्यात. शेवटचा नर सुदान १९ मार्च २०१८ ला गेला, ती तारीख चुकवू नका.