मदत हवी आहे – शनिवारी बेटावर जातोय, चालणं आणि पोहणं दोन्ही जमेल का?

घाईगडबड:
शनिवारी बेटावर जायचंय, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. चालायचं पण आहे आणि पोहायचं पण आहे. एका दिवसात दोन्ही होतं का? वेबसाइटवर नुसते पक्ष्यांचे फोटो, पोहण्याबद्दल धड काही नाही. कोणी जाऊन आलं असेल तर पटकन सांगा, मला आजच बुकिंग करायचंय. आणि हो, डबा न्यावा लागतो की तिथे काही मिळतं?

दोन_चपला:
कुठलं बेट? कुठला देश? किती जण? हे कोणी लिहायचं? तुम्ही अंदमानलाही असू शकता आणि फिनलंडलाही.

घाईगडबड:
अहो तिरितिरी मातांगी, ऑकलंडजवळचं. वर लिहिलंय ना. (आत्ता बघितलं, नाही लिहिलंय. सॉरी.) चौघं आहोत.

लाव्हाप्रेमी:
तिरितिरी कशाला, रांगितोतोला जा. बोट पंचवीसेक मिनिटांत पोचवते, २५९ मीटरचा ज्वालामुखी आहे, वरून अख्खं शहर दिसतं, आणि हे बेट समुद्रातून वर येऊन जेमतेम सहाशे वर्षं झालीत, इतकं ताजं बेट परत कुठे बघणार? मी सात वेळा गेलोय.

किनारपट्टी:
आणि तिथे पोहणार कुठे? सगळा काळा दगड. ताईंनी पोहण्याचं विचारलंय.

लाव्हाप्रेमी:
मी खडकावरून उतरलोय पाण्यात.

किनारपट्टी:
आणि पाय कापून घेतला असेल.

लाव्हाप्रेमी:
टाके नाही पडले.

हिरवी_पायवाट:
तिरितिरीला मी तीनदा गेले आहे, सविस्तर लिहिते. डबा न्याच, बेटावर खायला काही विकत मिळत नाही, वर दीपगृहाजवळच्या केंद्रात चहा-कॉफी मिळते तेवढीच. कचऱ्याचा डबाही नाही, साल, रॅपर, सगळं बॅगेत परत आणायचं. पोहायला हॉब्स बीच, तिथे छान वाळू आहे आणि धक्क्यापासून पंधरा मिनिटांत पोचता. लाइफगार्ड कोणी नसतो, आपणच एकमेकांकडे लक्ष ठेवायचं. सकाळी एक बोट नेते आणि दुपारनंतर तीच परत आणते, ती चुकली तर गेलं, म्हणून आधी वर चढायचं आणि मग पोहायचं की उलट, हे बोटीत बसायच्या आधी ठरवा. बेट तसं लहानच, २२० हेक्टर, पण जो तो दर दहा पावलांवर पक्षी बघत थांबतो, त्यामुळे वेळेचा अंदाज हमखास चुकतो. सोबत लहान मुलं किंवा कोणी वयस्कर आहेत का?

घाईगडबड:
हो, मुलगा चार वर्षांचा. आणि सासरे, ७२, गुडघा दुखतो. बाबागाडी चालेल ना?

दोन_चपला:
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं, ताई.

हिरवी_पायवाट:
मग प्लॅन बदला. वॉटल ट्रॅक सुंदर आहे, पण त्यावर पायऱ्या आणि लाकडी फळ्या, बाबागाडी तिथे नुसतं ओझं. गाइडबरोबरचे वॉक धक्क्यावरून निघून वर दीपगृहापर्यंत जातात, गुडघेवाल्यांना दमवतात. सासऱ्यांना घेऊन सरळ हॉब्स बीचला जा, तो रस्ता जवळजवळ सपाट आहे. बीचजवळ छोट्या पेंग्विनांसाठी घरटी करून ठेवलीत, झाकण अलगद उचलून काचेतून बघता येतं, नशीब असेल तर आत कोणी असतं. झाकण परत नीट लावा.

गाइडच_घ्या:
असहमत. गाइड घ्याच. पहिल्यांदा गेलो तेव्हा नुसती झाडं बघून आलो. दुसऱ्यांदा स्वयंसेवक काकू होत्या, त्यांनी कोकाको नावाचा दुर्मिळ पक्षी दाखवला. सव्वाशे वर्षं गुरं-मेंढ्यांनी खाल्लेलं बेट हे, ८४ ते ९४ मध्ये लोकांनी अडीच लाखांवर झाडं लावली म्हणून आज जंगल दिसतंय, हे काकूंनी सांगितलं नसतं तर मला कळलंच नसतं.

किनारपट्टी:
गाइड घ्या, पण मग पोहायला वेळ उरणार नाही. चार वर्षांचं पोर दीड तास शांत राहून पक्षी ऐकेल? एकाने सासऱ्यांबरोबर खाली थांबा, एकाने वर जा.

पंखवाला:
अवांतर: टाकाहेसाठी २०० एमएमची लेन्स पुरेल की ४०० लागेल?

गाइडच_घ्या:
टाकाहेसाठी लेन्स कशाला, तो डब्यापर्यंत चालत येतो. १९४८ पर्यंत लोकांना वाटत होतं हा पक्षी नामशेष झालाय, आणि आता दीपगृहापाशी उभा राहून तुमच्या घासाकडे बघतो. पण काही भरवू नका.

लाव्हाप्रेमी:
रांगितोतोला डब्याला हे असले धोके नाहीत.

हिरवी_पायवाट:
एक महत्त्वाचं राहिलं. बॅग चेन लावून बंद होणारी घ्या, उघडी पिशवी नको. चढायच्या आधी बुटांच्या तळव्यांची माती आणि बिया काढा, बॅग आतून बघा, उंदीर किंवा मुंग्या नकोत. हसू नका, १९९३ मध्ये बेटावरचे उंदीर काढायला हेलिकॉप्टरमधून विष टाकावं लागलं होतं. कुत्रा न्यायचा नाही, सिगारेट नाही.

घाईगडबड:
कुत्रा नाहीये आमच्याकडे. हवेने फुगवायची ट्यूब चालेल का मुलाला?

किनारपट्टी:
ट्यूब वाऱ्याने आत ओढली जाते. किनाऱ्याजवळच राहा आणि अंगाला घट्ट बसणारं लाइफ जॅकेट घाला. आणि सनस्क्रीन, तिथलं ऊन ढगाळ दिवशीपण भाजतं.

शांत_शांत:
रात्री किवी दिसतात का? रात्री राहायला बंकहाउस मिळतं म्हणे.

हिरवी_पायवाट:
मिळतं, पण आधीच बुक करावं लागतं. ताईंना एका दिवसाचं हवंय.

घाईगडबड:
जाऊन आलो. शनिवारी वाऱ्यामुळे बोट रद्द, रविवारी गेलो. बाबागाडी घरीच ठेवली, बरं झालं. पोरगा पाण्याला हात लावायला तयार नाही, पेंग्विनच्या डब्यापाशी बसून राहिला, डबा रिकामा होता. सासऱ्यांना मी बाकावर बसवायला निघाले होते, ते म्हणाले मला पाण्यात गुडघा दुखत नाही, आणि अर्धा तास पोहत होते, बाहेर यायला तयार नाहीत, शेवटी बोटीसाठी ओरडून बाहेर काढलं. मी आणि नवरा आळीपाळीने वर जाऊ म्हणालो होतो, कोणीच गेलं नाही. दीपगृह बोटीतूनच बघितलं. टाकाहे पण नाही दिसला.

पंखवाला:
म्हणजे २०० एमएम पुरेल की नाही?