घरी एकटीनेच तीन-चार गिटारी वाजवून कव्हर व्हिडिओ करायचाय, सुरुवात कशी करू?

पाचवा_फ्रेट

नमस्कार मंडळी,

एकाच गाण्याचे तीन-चार भाग स्वतः वाजवायचे आणि पडद्यावर वेगवेगळ्या चौकटींत एकत्र दाखवायचे, असा व्हिडिओ करायची फार इच्छा आहे. ओपन कॉर्ड्स सफाईने बदलता येतात, बारे कॉर्ड्स (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचे) मात्र अजून दमवतात. गिटार यामाहा एफ३१०, त्यात पिकअप (गिटारचा आवाज थेट केबलने बाहेर देणारा भाग) नाही. अँड्रॉइड फोन, ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आणि ब्लूटूथ इअरबड्स एवढं सामान आहे.

सध्या पहिला भाग फोनवर रेकॉर्ड करते आणि तो इअरबड्समध्ये ऐकत दुसरा वाजवते. वाजवताना सगळं तालात वाटतं, पण एडिटिंगला दोन्ही एकत्र लावले की दुसरी गिटार मागे रेंगाळते. तिसरी घातली की नुसता कल्ला.

बजेट दहा हजारांच्या आत आहे. माइक घेऊ, इंटरफेस (माइक किंवा गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी) घेऊ, की आधी आणखी काही? घर लहान आहे, रेकॉर्डिंग हॉलमध्येच होणार.

खर्ज_सप्तक

ताई, आधी ते इअरबड्स बाजूला ठेवा. तुमचा ताल चुकत नाहीये. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत यायला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. ९० बीपीएमच्या (मिनिटाला ९० मात्रांच्या) गाण्यात एका मात्रेचा चौथा भाग साधारण १६७ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे तुम्ही ऐकलेल्या आवाजावर अगदी अचूक वाजवलंत तरी प्रत्यक्षात जवळजवळ पाव मात्रा मागे असता.

वायरचे हेडफोन घ्या, कान पूर्ण झाकणारे. उघडे असले तर क्लिकचा (लय दाखवणाऱ्या मेट्रोनोमचा) टकटक आवाज माइकमध्ये शिरतो आणि शांत जागी हमखास ऐकू येतो.

दुसरं म्हणजे क्लिक. पहिली गिटार क्लिकशिवाय वाजवलीत, तर तिची लय जिथे जिथे हलली तिथे पुढच्या प्रत्येक गिटारीला अंदाजाने तिच्यामागे जावं लागतं. लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाका. ६० दिवस सगळ्या सोयींसकट वापरून बघता येतं, नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला आहे. ८ जीबीवर आरामात चालतं.

गच्चीवरचा_रियाझ

खर्ज यांच्याशी सहमत, पण लगेच काही विकत घ्यायची घाई नको. आहे त्या सामानात पहिला व्हिडिओ पूर्ण होऊ शकतो. फोनसोबत आलेले वायरचे इअरफोन घरात कुठेतरी असतीलच, ते काढा.

रीपरमध्ये गाण्याची लय लावून क्लिक सुरू करा आणि सुरुवातीला दोन आवर्तनं मोकळी सोडा. फोन समोर ठेवून रेकॉर्डिंग चालू करा. पहिल्या मोकळ्या आवर्तनात क्लिकवर चार टाळ्या वाजवा, दुसऱ्यात हात गिटारवर आणा आणि मग गाणं सुरू. प्रत्येक भागाला हेच करा. नंतर फोनमधली क्लिप रीपरमध्ये ओढून टाका. टाळीचा उंच टोकदार आकार लहरींमध्ये लगेच दिसतो, तो क्लिकच्या रेघेवर आणून ठेवा. टाळी तुम्ही ऐकलेल्या क्लिकवरच वाजवलेली असते. त्यामुळे यंत्रामुळे झालेला उशीर टाळीतही तेवढाच असतो आणि टाळी जुळली की वाजवणंही जुळतं. उरलेला बारीक फरक कानाने ऐकून सरकवा.

क्लिप शेवटाकडे पुन्हा सुटायला लागली तर घाबरू नका. बरेचसे फोन फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं टिपायची तो वेग) स्थिर ठेवत नाहीत. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात फ्रेम रेट 'कॉन्स्टंट' करून क्लिप आधी बदलून घ्या.

तारा_बदला

सामानाबद्दल वर छान लिहिलंय. मला त्या कल्ल्याबद्दल बोलायचंय, कारण माइक बदलून तो जाणार नाही.

तू बहुतेक तिन्ही वेळा तेच कॉर्ड, त्याच जागी, तेच स्ट्रमिंग वाजवते आहेस. मग तिन्ही गिटारी एकाच पट्टीत एकमेकींना ढकलतात. प्रत्येक थराला स्वतःची जागा द्यायला हवी.

समज, गाणं जी - ई मायनर - सी - डी असं आहे. पहिली गिटार हेच ओपन कॉर्ड्स साध्या स्ट्रमिंगने वाजवेल. दुसरीला सातव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा) लाव आणि सी - ए मायनर - एफ - जी हे आकार धर. सूर तेच येतात, पण वरच्या पट्टीत, मँडोलिनच्या जवळ जाणारे. एफला पूर्ण बारे नको, वरच्या चार तारांचा छोटा एफ पुरतो. ही गिटार स्ट्रम करू नकोस, एकेक तार छेडत ने. तिसरीत फक्त जाड तारांवर प्रत्येक कॉर्डचा मूळ सूर, एका आवर्तनात एक किंवा दोनदा. रीपरमधल्या रीपिच प्लगइनने तो एक सप्तक खाली उतरव, बेस गिटारचं काम भागतं. चौथी गिटार गाण्याची चाल वाजवेल, आणि चाल नसेल तिथे गप्प बसेल. हे गप्प बसणं फार महत्त्वाचं आहे.

मिक्सिंगला पहिली डावीकडे, दुसरी उजवीकडे, बेस आणि चाल मधोमध. पहिल्या दोन्हींचा ८० हर्ट्झच्या खालचा भाग काप. गिटारची सगळ्यात जाड तारच ८२ हर्ट्झची असते, त्याखाली हॉलमधली घरघर सोडून काहीही नसतं.

आणि प्रत्येक टेकआधी गिटार लाव. दर वेळी. एकटी गिटार किंचित उतरलेली असली तर कानाला चालून जातं, चार एकत्र आल्या की तेच बोचतं. कॅपो लावल्यावर तारा ताणल्या जाऊन सूर थोडे चढतात, म्हणून कॅपो लावल्यानंतर पुन्हा तपास. पावसाळ्यात तारा लवकर गंजतात, रेकॉर्डिंगच्या एक-दोन दिवस आधी नवा सेट चढव.

खर्ज_सप्तक

तारा_बदला, कॅपोचा मुद्दा अगदी नेमका. त्यावरून आठवलं, अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४८ मध्ये आलेल्या एका रेकॉर्डसाठी टेपशिवाय, तबकड्यांवर एकावर एक आठ गिटारींचे थर चढवले होते. प्रत्येक नव्या थराबरोबर आधीच्या थरांचा आवाज खराब होत जायचा, म्हणून कमी महत्त्वाचे भाग ते आधी वाजवायचे. आज तशी अडचण नाही, तेव्हा ताल धरणारी गिटार आधी आणि अगदी पक्की करा. बाकीच्या सगळ्या तिच्यावर उभ्या राहतात.

पाचवा_फ्रेट

इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार! वायरच्या इअरफोनवर टाळीची युक्ती करून पाहिली. दोन गिटारी खरंच एकत्र वाजल्या, परत परत ऐकत बसले. आता विकत घ्यायचं झालं तर काय घेऊ? आणि व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकतात, ते कशाने?

गच्चीवरचा_रियाझ

पट्टे दिव्यांचे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. खिडकीशी बसून दिवसाउजेडी शूट केलंत तर प्रश्नच उरत नाही. फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, नाहीतर चारही चौकटींचा उजेड वेगवेगळा दिसेल. चौकटी जुळवायला शॉटकट हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर पुरेल, मोफत आहे आणि तुमच्या लॅपटॉपला झेपेल.

खरेदीत माझं मत यूएसबी माइक, ज्याला हेडफोन लावायची स्वतःची जागा आहे असा. इंटरफेस घेतला की कंडेन्सर माइक (चालायला बाहेरून वीज लागणारा संवेदनशील माइक), केबल, स्टँड हे सगळं मागोमाग येतं आणि दहा हजारांत प्रत्येक गोष्ट हलकी घ्यावी लागते.

खर्ज_सप्तक

इथे माझं मत वेगळं आहे. पुढे पिकअपवाली किंवा इलेक्ट्रिक गिटार घ्यायची असेल, तर यूएसबी माइकचा उपयोग तिथेच थांबतो. एम-ऑडिओचा एम-ट्रॅक सोलोसारखा छोटा इंटरफेस आता घ्या, माइक नंतर. तोवर फोनचा आवाज चालू द्या. फक्त कंडेन्सर माइक घ्याल तेव्हा ४८ व्होल्टचं बटण दाबायला विसरू नका, त्याशिवाय त्यातून आवाजच येत नाही.

तारा_बदला

अकूस्टिकच वाजवत राहणार असशील तर यूएसबी, हे माझं मत. पण जो माइक घेशील तो गिटारच्या भोकासमोर ठेवू नकोस, नुसतं घुमतं. बाराव्या फ्रेटसमोर, वीतभर ते फूटभर अंतरावर. पंखा बंद, मागच्या भिंतीला दोन गोधड्या लटकव. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड कर, पुष्कळदा गुणगुण तिथूनच येते.

पाचवा_फ्रेट

अकूस्टिकच, निदान सध्या तरी. मग यूएसबी माइक. शेवटची शंका: यूट्यूबवर टाकल्यावर हक्कांचं काही झंझट?

गच्चीवरचा_रियाझ

कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या आपोआप गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेचा) क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, येऊ शकतो. क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनेलवरची कारवाई) नव्हे. बऱ्याचदा व्हिडिओ राहतो आणि जाहिरातींचे पैसे मूळ हक्कधारकाकडे जातात. मूळ गाण्याचा ऑडिओ मात्र खाली अजिबात ठेवू नका, सगळं स्वतः वाजवलेलंच असू द्या. वर्णनात संगीतकार आणि गीतकाराचं नाव लिहा. व्हिडिओ आधी अनलिस्टेड (फक्त लिंक असणाऱ्यांना दिसेल असा) टाकला तर क्लेम आलाय का ते बघून मग सगळ्यांसाठी खुला करता येतो. लिंक इथे नक्की टाका.