मदत हवी आहे : बंद पडलेली व्यापारी संघटना, लकी ड्रॉ आणि दहा दिवसांवर आलेली दिवाळी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं कापडाचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलेलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आमच्यातले दोघंतिघं हे वाचतात. ओळखणाऱ्यांनी ओळखावं. आज ८ ऑक्टोबर २०२५. १७ ला वसुबारस, १८ ला धनत्रयोदशी, २१ ला लक्ष्मीपूजन. एरवी दसरा झाला की आमच्याकडे गादीवर बसायला जागा नसते. काल दिवसभरात अकरा गिऱ्हाईकं झाली, त्यातली चार माल बदलून घ्यायला आलेली.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन उभ्या रानात कुजलं, कापसाची बोंडं काळी पडली. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, पण डागी आणि ओला माल मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, नेला की त्या आकड्याचं कुणी नावही काढत नाही. काल सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. दिवाळीआधी पैसे खात्यावर येतील म्हणतात, येवोत. आमच्या गावाची दिवाळी मात्र मोंढ्यातल्या पट्टीवर, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या पैशावर चालते. पट्टी हातात पडली की माणूस आधी खत-बियाणाची उधारी फेडतो, मग सराफाच्या पायरीवर टेकतो, आणि मग बायकापोरांना घेऊन माझ्याकडे येतो. यंदा पहिल्याच दुकानात हिशोब संपायलाय.

परवा एक जुनं गिऱ्हाईक आलं. म्हणाले, "शेठ, पोरीला एक ड्रेस द्या, बाकी पाडव्याला बघू." कोणत्या पाडव्याला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ज्यांच्या हातात महिन्याचा पगार आहे ते सकाळच्या गाडीनं परभणी गाठतात, नाहीतर थेट संभाजीनगरला गुलमंडी. उरलेले मोबाइलवर. गंमत म्हणजे तयार कपडे यंदा खरंच स्वस्त झालेत. २२ सप्टेंबरपासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी. आधी हजाराच्या वर गेलं की १२ लागायचा. (साडीला आधीपासून पाचच.) माझ्याकडचा निम्मा माल १२ टक्के भरून आणलेला आहे, तोही मी नव्या दरानं विकतोय, भरलेल्या कराचं क्रेडिट पुढं कधीतरी वळतं होईल. पण हे सांगायला दारात माणूस तर यावा.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या गावात व्यापारी संघटना होती. होती म्हणजे कागदावर अजून आहे. वडिलांच्या पिढीनं काढलेली. दिवाळीत मेन रोडला लायटिंग, उन्हाळ्यात पाणपोई, कुणाच्या दुकानाला आग लागली तर वर्गणी, असं सगळं चालायचं. सगळा कारभार सचिवकाकांच्या एका लाल वहीत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अध्यक्ष गेले आणि पंधरा दिवसांत सचिवकाकाही गेले. त्यानंतर एक बैठक झाली नाही. बँकेत एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास शिल्लक आहे, सह्या त्या दोघांच्या. खजिनदार मुलाकडे पुण्याला राहतात, त्यांना आता ऐकू कमी येतं. बँकेत गेलो तर म्हणाले ठराव आणा. ठराव करायचा कुणी? कमिटीच उरली नाही.

गेल्या रविवारी आम्ही चौदाजण मारुतीच्या मंदिरात बसलो. मोबाइलवाला, दोन आडत्यांची पोरं, सराफ, हॉटेलवाला वगैरे. ठरलं ते असं: पाचशेच्या खरेदीवर एक कूपन, लक्ष्मीपूजनाच्या रात्री चौकात सोडत, पहिलं बक्षीस मोटारसायकल. प्रत्येक दुकानानं तीन हजार भरून शंभर कूपनं घ्यायची. शेजारच्या तालुक्यात दरवर्षी करतात म्हणे, गर्दी होते.

तर मला विचारायचंय की संघटनेचं खातं दहा दिवसांत सुरू होण्याची काही वाट आहे का, आणि ही सोडत कायद्यात बसते का. माझ्या मनात पाल चुकचुकतेय, पण मी बोललो की पोरं म्हणतात, काका, तुम्ही आधी घाबरता.

अजून एक. बैठकीत तिघांनी लावून धरलं की पणत्या, बोळकी, केरसुण्या, लाह्या-बत्तासे घेऊन दुकानांपुढं बसणाऱ्यांना नगरपरिषदेला सांगून मागच्या मैदानावर हलवा, गाड्या लावायला जागा होईल. मला हे पटत नाही. माणूस पणती घ्यायला येतो आणि जाता जाता माझ्याकडे डोकावतो. उलटं कधी झालेलं मी पाहिलं नाही. पण मी एकटा पडलो. कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

– गल्ल्यावरचा

प्रतिसाद : एफ_नंबर

मी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातली संस्थांची कामं करतो, म्हणून खात्यापुरतं सांगतो. आधी नोंदणीचं प्रमाणपत्र शोधा. त्यावर "महा/…/परभणी" असा नंबर असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंद आहे. "एफ" नं सुरू होणारा नंबरही असेल तर १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीही आहे. बऱ्याच संस्थांचे दोन्ही असतात. दुसरा असेल तर विश्वस्त बदलला, वारला, नवा आला की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तुमचा चार वर्षं थकलाय. उशीर माफ करून घेता येतो, पण दहा दिवसांत निकाल लागेल अशी आशा धरू नका. दिवाळी त्या पैशावर बेतू नका, एवढं नक्की.

पैसे कुठं जात नाहीत. दोन वर्षं व्यवहार नसला की बँक खातं निष्क्रिय धरते. दहा वर्षं झाली तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागरूकता निधीत जाते, आणि तिथूनही मागता येते. आत्ता एवढंच करा: हयात सभासदांची यादी, रीतसर सूचना काढून सर्वसाधारण सभा, नवी कमिटी, इतिवृत्तावर सह्या. लाल वही सचिवांच्या घरी असेल. ती आधी ताब्यात घ्या, दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाते. हसू नका, तीन संस्थांचं असं झालेलं मी पाहिलंय.

प्रतिसाद : गोलाईकर

लातूरहून. आमच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्यावर माझी भांड्यांची गादी. सोडतीबद्दल पोरांना स्पष्ट सांगा, घाबरायचंच प्रकरण आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम २(४७) वाचा. विक्री वाढवण्यासाठी लॉटरी किंवा नशिबाचा खेळ ठेवणं हे अनुचित व्यापारी प्रथेत धरलंय, नियमानं मोकळीक दिलेले प्रकार सोडून. शेजारचा तालुका दरवर्षी करतो म्हणजे तो कायद्यात बसतो असं नाही, कुणी तक्रार केली नाही एवढंच.

दुसरं आयकराचं. सोडतीतलं बक्षीस दहा हजारांच्या वर गेलं की त्यावर ३० टक्के कर. वस्तू द्यायची असेल तर कर भरल्याची खात्री करून मगच ती हातात द्यायची. म्हणजे नव्वद हजारांची गाडी लागलेल्या सालगड्याला तुम्ही चौकात माइकवरून सांगणार, आधी सत्तावीस हजार आण. नाहीतर ते संघटनेनं भरायचे, आणि संघटनेचं खातं तर बंद.

तिसरं पुस्तकात नाही. आम्ही पूर्वी एकदा सोडत केली होती, फ्रीज ठेवला होता. तो लागला आमच्यातल्याच एकाच्या भाच्याला. अगदी खरोखर लागला, देवाशपथ. पुढची दोन वर्षं गिऱ्हाईक ताट घेता घेता विचारायचं, "काय शेठ, भाच्याचा फ्रीज थंड करायलाय का?"

नशिबावर काही ठेवू नका. द्यायचं तर सगळ्यांना थोडं थोडं, आणि बोललात तेवढं द्या.

प्रतिसाद : मोंढा_नांदेड

शेठ, उधारीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा प्रश्न तोच दिसतोय. आमची आडत आहे. यंदा मी वहीत नावापुढं पाडवा कोणता तेही लिहून घेतोय, दिवाळीचा की गुढीचा. माणूस हसतो, पण तारीख ठरते. मर्यादाही आधी सांगून टाकतो, म्हणजे दोघांनाही मान खाली घालावी लागत नाही. आणि मदतीचे पैसे जमा झाले की वसुलीला निघू नका. आमच्याकडे एकानं गिऱ्हाइकाचं पासबुक ठेवून घेतलं होतं. ते पैसे रब्बीच्या हरभऱ्याचे असतात. ते रानात गेले तरच मार्चमध्ये तुमच्याकडे येतील.

पथारीवाल्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. शिवाय २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, कुणीतरी सांगितलं म्हणून उठवता येत नाही. जागेचं पथविक्रेता समितीत ठरतं, आणि त्या समितीत ४० टक्के माणसं विक्रेत्यांचीच असावी लागतात. तिघांना हे ऐकवा.

गल्ल्यावरचा :

सगळ्यांचे आभार. लाल वही मिळाली. सचिवकाकांच्या घरी काकू म्हणाल्या, "चार वर्षं कुणी विचारलं नाही, मीच कपाटात ठेवली." शेवटच्या पानावर २०२० च्या दिवाळीचा लायटिंगचा हिशोब आहे, आणि खाली माझ्याच नावापुढं पाचशे रुपये बाकी. देऊन आलो. काकू घेत नव्हत्या, कुणाला द्यायचे हा प्रश्नच होता, शेवटी वहीत पाकिटात ठेवले.

प्रमाणपत्रावर दोन्ही नंबर आहेत. सभा दिवाळीनंतरच घेतो.

गोलाईकर, तुमचा फ्रीजचा किस्सा बैठकीत वाचून दाखवला. कलमापेक्षा त्यानंच काम केलं. आता असं चाललंय की हजाराच्या खरेदीवर पाच पणत्या, सगळ्या दुकानांत सारख्या. पणत्या गावातल्याच कुंभारांकडून घ्यायच्या आणि वाटायला त्यांनाच चौकात बसवायचं. गिऱ्हाइकानं बिल दाखवायचं आणि पणत्या घ्यायच्या. त्यामुळं मैदानाचा विषय आपोआप मागं पडला. तिघांपैकी एक अजून फुगून आहे. लायटिंगसाठी महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज दिलाय, आकडा टाकायचा नाही यावर पोरंही तयार झाली.

एकच अडचण राहिलीय. मोबाइलवाल्या पोरानं उत्साहाच्या भरात चौकासाठी वीस फुटी फ्लेक्स आधीच छापून आणलाय. मधोमध मोटारसायकल, खाली आम्हा चौदाजणांचे फोटो. छपाईवाला परत घेत नाही. पाठीमागून पांढरा आहे, तो उलटा करून त्यावर हातानं रंगवता येईल का? कोणता रंग धरतो, कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

एफ_नंबर :

ऑइल पेंट. आधी ओल्या फडक्यानं पुसून घ्या आणि दोन दिवस सावलीत वाळू द्या. पण तुमचे चौदा फोटो उन्हात पाठीमागून दिसतील.