अनुभव धागा: नीट शिवलेले पुरुषांचे कपडे, बूट तुम्हाला सापडले कसे?

ब्रँडांची यादी करायला हा धागा काढलेला नाही. याद्या पैशाला पासरी मिळतात आणि त्यातल्या निम्म्या एकमेकींकडे बघून लिहिलेल्या असतात. मला त्याआधीचं ऐकायचंय. जुन्या पद्धतीने, मन लावून कपडे किंवा बूट बनवणारं एखादं नाव तुमच्यापर्यंत आलं कुठून? उसवलेल्या शिवणीतून, कापडाच्या गिरणीवरून, की दुरुस्ती करणाऱ्याच्या तोंडून?

माझ्यापासून सुरुवात करतो. माझ्या बाबतीत हे बुटाच्या तळातून सुरू झालं. चांगल्या दुकानातून घेतलेल्या बुटाचा तळ सुटला म्हणून दुरुस्तीला नेला. कारागिराने तो वाकवून पाहिला आणि परत केला. म्हणाला, "नुसता चिकटवलेला आहे. शिवायला काही ठेवलेलंच नाही." मग त्याने शेजारचा एक म्हातारा बूट दाखवला. त्याच्या कडेने कातड्याची पट्टी फिरलेली होती, ती वेल्ट. वरचं कातडं आणि आतला तळ त्या पट्टीला शिवतात आणि बाहेरचा तळ फक्त पट्टीला. मधल्या पोकळीत बुचाचा थर असतो, तो हळूहळू पावलाच्या आकारात दबतो. तळ झिजला की तेवढीच शिवण काढून नवा बसवायचा, वरच्या कातड्याला हातही लागत नाही.

तिथून गुडइयर वेल्ट (अशी वेल्ट यंत्राने शिवायची पद्धत) आणि तिथून बुटांसाठी प्रसिद्ध असलेलं इंग्लंडमधलं नॉर्थॅम्प्टन. ट्रिकर्स १८२९चं, चर्चेस १८७३चं, क्रॉकेट अँड जोन्स १८७९चं, एडवर्ड ग्रीन १८९०चं, आणि सगळे एकाच गावचे! ही नावं जाहिरातीत भेटली असती तर मी पुढे सरकलो असतो. पण हे लोक जुने बूट कारखान्यात परत घेऊन, मूळ फर्म्यावर चढवून नवा तळ लावून देतात हे कळल्यावर थांबलो. आता कुठल्याही नव्या नावाला माझा पहिला प्रश्न तोच असतो: दुरुस्तीला परत घेता का?

---

दुरुस्तीवरून माझंही एक. बार्बरचं मेण लावलेलं जॅकेट मला प्रथम दिसलं ते एका मासे पकडणाऱ्या गृहस्थाच्या अंगावर. कोपरावर ठिगळ, खिशाची कड विरलेली, रंग धड हिरवा नाही की काळा नाही. ते इतकं रुबाबदार का दिसतंय ते मला कळेना. कंपनी १८९४ची, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या साऊथ शील्ड्सची. ग्राहक सुरुवातीला खलाशी आणि गोदीकामगार. कापड सुतीच, पण मेण मुरवलेलं, आणि दरवर्षी-दोन वर्षांनी ते मेण पुन्हा लावावं लागतं. मऊ झालेलं मेण फडक्याने शिवणींवर चोळायचं आणि गरम हवेने कापडात जिरवायचं. घरी होतं, हात मात्र चिकट होतात. वासाबद्दल घरात एकमत नाही.

त्यांची बीडेल आणि ब्यूफोर्ट ही दोन मॉडेलं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची. आखूड हवं तर बीडेल, आतला कोट झाकायचा असेल तर ब्यूफोर्ट. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, एवढंच सांगतो.

---

मी शिवणकाम करणारा आहे, त्यामुळे मला ब्रँड आतून भेटतात. लोक कोट कमी-जास्त करायला आणतात, मी अस्तर उसवतो, आणि तिथे सगळं लिहिलेलं असतं.

पुढच्या भागात कापड आणि अस्तर यांच्यामध्ये काय आहे ते बघा. घोड्याच्या केसांचं आणि लोकरीचं कॅनव्हास टाके घालून धरलेलं असेल तर कोट घालणाऱ्याच्या छातीवर बसत जातो. लॅपेल (कोटाच्या पुढची दुमडून येणारी कड) सपाट न पडता वळून येते, कारण तिच्या मागे शेकडो बारीक तिरके टाके असतात. स्वस्त पद्धतीत गोंद लावलेलं कापड इस्त्रीच्या दाबाने चिकटवतात. पूर्वी ते ड्रायक्लीनिंगनंतर फुगे धरायचं. आता गोंद सुधारलाय, फुगे क्वचित येतात, पण ते वळण येत नाही ते नाहीच. दुकानात कोट फाडता येत नाही, म्हणून खालच्या काजाजवळ बाहेरचं आणि आतलं कापड चिमटीत धरून विलग करा. मध्ये तिसरा, सुटा थर बोटांना लागला तर कॅनव्हास आहे.

मला कोणाची पारख करायची झाली तर मी माया बघतो. पाठीच्या शिवणीत, बाहीत, पँटच्या मागच्या शिवणीत किती जास्तीचं कापड सोडलंय? ज्याने दोन बोटं माया सोडली त्याला ठाऊक होतं की हा माणूस दहा वर्षांनी जाड होणार आहे आणि तरी हाच कोट घालणार आहे. लंडनमधल्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावरच्या हेन्री पूलसारख्या (१८०६) दुकानांतून शिवलेले जुने कोट हाताळलेत, त्यांत ही माया सढळ असते. इटलीतल्या नेपल्सकडच्या कोटात खांद्याला पॅड जवळजवळ नसतं आणि बाही शर्टासारखी चुण्या घालून बसवतात. नवखे त्याला सदोष शिवण समजून बदलून मागतात. मी सहसा समजावतो, मग करतो.

---

वरच्या प्रतिसादावर थोडा वाद घालते. कोटांचं कौतुक फार होतं, स्वेटरचं कोणी बोलत नाही. मी विणते, म्हणून नवऱ्यासाठी स्वेटर घेताना मी आधी बगलेजवळ बघते. तिथे तिरक्या ओळीत छोट्या खुणा दिसल्या तर प्रत्येक भाग टाके घटवत-वाढवत आकारात विणलाय. खुणा नसतील आणि आत जाड ओव्हरलॉक असेल तर कापड विणून कात्रीने कापलंय. ते वाईटच असतं असं नाही, पण किंमत पहिल्यासारखी लावलेली असेल तर मी हँगर परत ठेवते.

स्कॉटलंडच्या हॉइकमधलं विल्यम लॉकी (१८७४) मला याच खुणांवरून सापडलं. स्वेटरवर नाव दुसऱ्याच दुकानाचं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: असे कारखाने इतरांच्या नावानेही माल बनवतात, त्यामुळे गाव आणि कारखाना शोधला की तीच विणकाम-पद्धत दोन-तीन लेबलांखाली दिसते. त्यांचं कश्मिरी (कॅशमियर लोकर) नवं असताना हाताला जरा कोरडं, घट्ट लागतं. दुकानात लोण्यासारखं मऊ लागणारं कश्मिरी बऱ्याचदा जास्त धुऊन सैल केलेलं असतं आणि महिन्याभरात त्यावर गोळे येतात. गळपट्टी अंगाला जिथे जोडलेली असते तिथला टाक्याला टाका जुळवलेला जोडही बघा. ते काम अजून माणूस बसून करतो.

---

मी डेनिमवाला. लांब लिहिणार आहे.

मला आधी काठ दिसला. जीन्सचा पाय दुमडलेला, आत पांढरी पट्टी आणि त्यात लाल दोरा. जुन्या धोट्याच्या मागावर बाण्याचा दोरा अखंड ये-जा करतो, म्हणून कडेला पक्का काठ येतो. कापडाचा पन्हा मात्र जेमतेम ७०-८० सेंटिमीटर मिळतो, आणि माग हळू. नुसता काठ म्हणजे दर्जा नव्हे, हल्ली सुमार कापडालाही काठ असतो. खरी गंमत रंगात आहे. ताण्याचे दोरे दोरखंडासारखे एकत्र वळून निळीत बुडवतात, हवेत धरतात, पुन्हा बुडवतात. नीळ दोऱ्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून घासलं जाईल तिथे पांढरं उघडं पडतं आणि प्रत्येकाची जीन्स वेगळी विटते.

मग जपान. कुराबो गिरणीने १९७३मध्ये तिथलं पहिलं देशी डेनिम काढलं, ओकायामातलं कोजिमा जीन्सचं गाव झालं, १९७९मध्ये स्टुडिओ दार्तिझाँ हा जीन्सचा ब्रँड आला, पुढे फुलकाउंट, वेअरहाऊस. अमेरिकन जुनी जीन्स दोऱ्यादोऱ्याने उलगडून पाहणारी ही मंडळी. उलट अमेरिकेतली कोन मिल्सची व्हाइट ओक गिरणी, १९०५पासून चाललेली, २०१७च्या शेवटी बंद पडली. त्या बातमीनंतर मी ब्रँडऐवजी गिरणीचं नाव विचारायला लागलो. ज्या दुकानदाराला ते सांगता येतं तो बाकीचंही खरं सांगतो, असा माझा अनुभव आहे.

जाता जाता टी-शर्ट. जपानमधल्या वाकायामात छताला टांगलेली जुनी गोल विणयंत्रं आहेत, तासाला जेमतेम मीटरभर कापड काढतात. दोऱ्यावर ताण पडत नाही, म्हणून कापड फुगीर राहतं आणि धुऊन पिळवटत नाही. नळीसारखं विणलं जातं, त्यामुळे बाजूला शिवणच नसते.

---

इतकी सनावळी वाचून मी थोडं पाणी ओततो. लेबलवरचं साल म्हणजे फक्त नावाचं वय. शंभर वर्षांचं नाव विकलं जातं, कारखाना बंद होतो, नवा मालक कुठूनही माल बनवून घेतो आणि तेच साल सोनेरी अक्षरांत छापतो. माझ्याकडे अशाच एका ऐतिहासिक ब्रँडचा शर्ट होता. दुसऱ्या धुण्यात कॉलर वाकडी, शिंपल्याची म्हणून सांगितलेली बटणं प्लॅस्टिकची. (खरं शिंपल्याचं बटण गालाला लावलं तर गार लागतं.) नाव सांगत नाही. 'मेड इन'वरही फार विसंबू नका, बहुतेक ठिकाणी शेवटचा मोठा टप्पा जिथे झाला तो देश लिहिला तरी चालतं.

उलटंही घडतं, हे मान्य. मर्त्स बे. श्वानन हे १९११चं जर्मन नाव बंद पडलं होतं. ते ज्यांनी पुन्हा उभं केलं त्यांनी जुनी गोल विणयंत्रंही परत चालू केली. साल तेच, पण इथे त्याला काही अर्थ आहे.

---

शर्टांबद्दल दोन ओळी. चौकटी कापड घ्या आणि खिसा, पुढची पट्टी, खांद्याची शिवण इथे रेघा जुळतात का बघा. बाजूच्या शिवणीच्या टोकाला छोटी कळी (जोडाला बळकटी देणारा कापडाचा तुकडा) आहे का बघा. सुताचा नंबर जितका मोठा तितकं ते बारीक; १४० आणि पुढच्या नंबरचं सूत सुंदर दिसतं, टिकत नाही. रोजच्या वापराला १०० नंबरचं दुपदरी बरं.

---

लेबल खोटं बोलतं म्हणणाऱ्यांना हॅरिस ट्वीड हे स्कॉटलंडचं लोकरी कापड सुचवतो. तिथे व्याख्या थेट ब्रिटिश संसदेच्या १९९३च्या कायद्यात आहे: कापड बाह्य हेब्रिडीज बेटांवरच्या लोकांनी आपापल्या घरी हातमागावर विणलेलं हवं, लोकर नवी आणि शुद्ध, तिथेच रंगवलेली आणि कातलेली. त्या कापडावरची गोलक आणि क्रॉसची खूण १९१०पासूनची. हातमाग पायाने चालतो, वीज नाही. पण कायदा कापडापुरता. त्या कापडाचा कोट कोणी कसाही शिवू शकतो, त्यामुळे खूण बघून झाल्यावर वरच्या शिंपीदादांची चिमूट वापराच.

मी स्वतः जवळजवळ सगळं वापरलेलंच घेतो. नवं असताना सगळेच बूट चकाकतात. पाच वर्षांनी कातड्याला बारीक लाटा पडल्यात की सोलपटं निघालीत, हे जुन्यातच दिसतं. विकणाऱ्याकडे मी नेहमी आतल्या बाजूचे फोटो मागतो: कोटाच्या आतल्या खिशातली चिठ्ठी, टायच्या मागचा सुटा दोरा, बुटाच्या कमानीचा तळ. टायमधला तो लोंबता दोरा कापू नका. त्याच एका सैल दोऱ्यावर अख्खी टाय सरकती शिवलेली असते.

पँटबद्दल मात्र अजून कोणी लिहिलेलं नाही. उंच कमरेची, आत पडद्यासारखं अस्तर असलेली, बाजूला कंबर घट्ट-सैल करायचे पट्टे असलेली तयार पँट कोण नीट बनवतं? ज्यांना सापडलीय त्यांनी कमरेच्या आतल्या बाजूच्या फोटोसकट लिहा.